पाचव्या लग्नाचा माल

फार पूर्वी, अपरांताच्या किनाऱ्यावर शूर्पारक बंदरात राजा अमितसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव ऋजुदत्त ठेवले होते. मोठा होऊन तो लिहायला शिकला, मापे-वजने शिकला, आणि पुढे राजाने त्याला बंदराचा शुल्काध्यक्ष नेमले. समुद्रापलीकडून जो माल येई त्याचा पाचवा हिस्सा राजाला द्यावा लागे. त्यालाच शुल्क म्हणत. त्या शुल्कातून धक्का दुरुस्त होई, खडकावरचा दीप जळत राही आणि चाच्यांवर नजर ठेवणाऱ्या नौकांवरच्या माणसांचे वेतन निघे.

या नियमाला एक अपवाद होता. मुलीच्या लग्नासाठी आणलेल्या मालावर शुल्क नव्हते. कोण्या एका कोळ्याने मुलीसाठी आणलेले एकुलते एक रंगीत वस्त्र शुल्कशाळेत फाडून त्याचा पाचवा तुकडा काढून घेतलेला राजाच्या आजोबांनी पाहिला होता, आणि त्याच दिवशी हा अपवाद दगडावर कोरून घेतला होता. ध्वजाखाली उभे राहून बापाने तीन वेळा म्हणायचे, ‘हा माल माझ्या मुलीच्या लग्नाचा आहे.’ तेवढ्यावर माल सुटे. बापाच्या शब्दापलीकडे पुरावा मागायची रीत नव्हती.

त्याच बंदरात वसुगुप्त नावाचा श्रेष्ठी राहत असे. त्याला भद्रिका नावाची मुलगी होती. तिची आई तिच्या लहानपणीच वारली होती. भद्रिकेचे लग्न आजवर चार वेळा ठरले होते, आणि चारही वेळा तिला ते बंदरावरून कळले होते.

पहिल्या वेळी ती सोळा वर्षांची होती. जहाजातून पोवळी आली, तांब्याचे घडे आले, आणि ती बिचारी महिनाभर दाराशी चाहूल घेत राहिली. मग वसुगुप्त म्हणाला, वराकडचे फिरले. दुसऱ्या वेळी वर आजारी पडला, तिसऱ्या वेळी पत्रिका जमली नाही. माल मात्र वखारीत राही आणि वर्षभर हळूहळू विकला जाई. तिसऱ्या खेपेला सारे भद्रिकेच्या ध्यानात आले. चौथ्या खेपेला तिने विचारलेही नाही. पाणवठ्यावर बायका तिला पाहून आवाज खाली आणत. चार ठिकाणी मोडले म्हणजे मुलीतच काहीतरी खोट असणार, असे त्यांना वाटे, आणि खरे स्थळ तिच्या दाराकडे फिरकत नसे.

वसुगुप्ताचे पाहून इतर व्यापारीही तेच करू लागले. एका वर्षात बंदरात एवढी लग्ने ठरली की तेवढ्या मुली गावात नव्हत्या. शुल्क आटले. खडकावरच्या दीपाला तेल पुरेना, आणि एक मचवा त्या खडकावर आपटून फुटला. तेव्हा राजाने ऋजुदत्ताला बोलावून सांगितले, “येत्या पौर्णिमेपर्यंत हे थांबव. नाही थांबले तर तो अपवादच पुसून टाकतो.”

कोळीवाड्यात ही बातमी गेली तेव्हा ज्यांच्या घरी खरोखर मुली उजवायच्या होत्या त्यांच्या तोंडचे पाणी पळाले.

पौर्णिमेला सहा दिवस उरले असताना वसुगुप्ताचे जहाज आले. ते नेहमीच्या जहाजांसारखे नव्हते. त्यात यवनदेशाच्या द्राक्षासवाचे दोनशे कुंभ होते, निळ्या काचेची भांडी होती, पोवळ्यांच्या पेट्या होत्या. अर्धे गाव धक्क्यावर लोटले. वसुगुप्त ध्वजाखाली उभा राहिला आणि खड्या आवाजात तीन वेळा म्हणाला, “हा माल माझ्या मुलीच्या लग्नाचा आहे.”

ऋजुदत्ताचा मदतनीस कुंभक त्याच्या कानाशी लागला. “आर्य, हा खोटे बोलतो आहे हे शेंबडे पोरही सांगेल. धरा त्याला. नियमाप्रमाणे सारा माल जप्त, त्याचा उजवा हात तोडायचा, आणि मालाचा दहावा हिस्सा तुमचा. तुमच्या सात पिढ्या बसून खातील.”

ऋजुदत्ताने त्याच्याकडे पाहिलेही नाही. तो वसुगुप्तासमोर गेला आणि हात जोडून म्हणाला, “श्रेष्ठी, आनंद झाला. मुहूर्त कधीचा?”

हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता. वसुगुप्त गडबडला. “पाच दिवसांनी,” तो म्हणाला.

“आणि वर?”

“प्रतिष्ठानचा आहे. दूरचा.”

“चार लग्नांचा माल या दारातून गेला, पण अक्षत कधी आली नाही,” ऋजुदत्त म्हणाला. “या वेळी आम्ही सारे येतो. मांडव इथेच वाळूवर घालू. मालाची काळजी नको. तो मुद्रा लावून इथे ठेवतो आणि लग्नाच्या दिवशी थेट मांडवात आणतो. वधूवर समोरासमोर उभे राहिले की मी माझ्या हाताने मुद्रा फोडीन.”

त्याने दवंडी पिटवली. तासाभरात सगळ्या शूर्पारकाला आमंत्रण पोहोचले होते.

मग बंदरात जे सुरू झाले ते पाहण्यासारखे होते. खलाशांनी डोलकाठ्यांवर पताका चढवल्या. कोळणींनी मांडवासाठी नारळाच्या झावळ्या विणायला घेतल्या. कुंभार, माळी, वाजंत्री, सगळे आपणहून आले, कारण पाच वेळा ठरलेल्या त्या लग्नाचा वर कसा दिसतो हे प्रत्येकाला पाहायचे होते. पाणवठ्यावरच्या बायका आता भद्रिकेला पाहून आवाज खाली आणीत नव्हत्या. त्या तिला थांबवून विचारीत होत्या, आणि तिला काय सांगावे ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच शुल्कशाळेत गेली. ऋजुदत्त एका सुगंधी लाकडाच्या ओंडक्याचा वास घेऊन त्याची जात ओळखत होता. तो उठून उभा राहिला.

“आर्य, तुम्हाला सगळे ठाऊक आहे,” ती म्हणाली. “मी खरे बोलले तर तातांचा हात जाईल. गप्प बसले तर ते कुणालातरी धरून आणतील. मी काय करावे?”

“तुला काय वाटते, मुली?”

“मला त्यांचा राग येतो,” भद्रिका म्हणाली. “आणि त्यांचा हात जावा असे वाटत नाही. रोज संध्याकाळी ते त्याच हाताने मला फळ सोलून देतात.”

ऋजुदत्त म्हणाला, “आरोप करणे तुझे काम नाही, आणि माझ्या तोंडून त्यांना काही सुचवणे नियमात बसत नाही. पण दाराशी नियमांचा दगड आहे. व्यापारी त्याच्या वरच्या चार ओळी वाचतात, जिथे दर लिहिले आहेत. तू तो खालपर्यंत वाच.”

दगडाच्या पायथ्याशी मिठाची पोती रचली होती. भद्रिकेने दोघा हमालांकडून ती बाजूला करवली आणि गुडघे टेकून बोटाने एकेक अक्षर लावले. सगळ्यात खाली लिहिले होते: ‘मालाची मुद्रा फुटण्यापूर्वी जो कोणी आपणहून आपला शब्द सुधारील, त्याच्याकडून दुप्पट शुल्क घ्यावे. त्याला दुसरा दंड करू नये.’

तिने ते दोनदा वाचले. ऋजुदत्ताने माल का अडकवून ठेवला, मुद्रा फोडणे लग्नाच्या दिवसापर्यंत का लांबवले, हे तिला एकदम उमगले. ती धावतच घरी गेली. रस्त्यात दोघातिघांना धक्के लागले, तिच्या एका पायातले पैंजण कुठेतरी गळून पडले, तिला पत्ता नव्हता.

“तात, वाट आहे,” ती धापा टाकत म्हणाली, आणि तिने सगळे सांगितले.

वसुगुप्ताने शांतपणे ऐकून घेतले. त्याच्या शेजारी एक देखणा, अनोळखी तरुण बसून खीर खात होता.

“दुप्पट शुल्क,” वसुगुप्त म्हणाला. “म्हणजे पाचातले दोन हिस्से. वेडी आहेस का तू? मी सोय केली आहे. हा चंदनक. नाटकमंडळीत आहे. पलीकडच्या एका आडगावात त्यांचा खेळ चालला होता, तिथून रातोरात आणला. लग्न लागेल, लोक जेवून जातील, आणि दुसऱ्या दिवशी हा आपल्या मंडळीत परत जाईल. त्याला वीस नाणी ठरली आहेत.”

“आणि मी?”

“तू कुठे जातेस? तू इथेच. नवरा देशांतराला गेला म्हणून सांगू.”

भद्रिका चंदनकाकडे पाहत राहिली. त्याने खिरीची वाटी खाली ठेवली आणि मान वळवली. त्या दिवशी ती बापाशी एक शब्दही बोलली नाही, आणि पुढच्या दिवशीही नाही. बाहेर मांडवावर झावळ्या चढत होत्या.

लग्नाचा दिवस उजाडला. राजा स्वतः येऊन बसला. वाळूवर तीळ ठेवायला जागा नव्हती, झाडांवर माणसे होती, नांगरलेल्या नावांच्या कडांवर माणसे होती. शुल्कशाळेतून बैलगाड्यांची रांग आली आणि सारा माल जसाच्या तसा मांडवात उतरला. दोरखंडांवर मातीच्या मुद्रा शाबूत होत्या. ऋजुदत्त छोटी सुरी घेऊन पहिल्या कुंभाजवळ उभा राहिला. वाजंत्री थांबली. वर आणि वधू यांच्यामध्ये अंतरपाट धरला गेला.

तेवढ्यात भद्रिका वळली आणि बापासमोर जाऊन उभी राहिली. ती हळूच बोलली. त्या दोघांशिवाय आणि जवळच उभ्या असलेल्या ऋजुदत्ताशिवाय ते कोणाला ऐकू गेले नाही.

“तात, चार वेळा तुम्ही माझे लग्न मोडलेत. पाचव्यांदा ते मोडायचे नाही, असे मी ठरवले आहे. तुम्ही ध्वजाखाली तीन वेळा बोललात. तुमचा शब्द मी खरा करीन. अंतरपाट दूर झाला की हा माझा नवरा, आणि उद्या सकाळी मी याच्या मंडळीच्या गाडीत बसून जाईन. मग कोणी तुम्हाला खोटे म्हणणार नाही.”

“भद्रे, तो भाड्याने आणलेला आहे,” वसुगुप्त कुजबुजला.

“अग्नीला ते ठाऊक नसते,” ती म्हणाली आणि जागेवर परत गेली.

वसुगुप्ताने तिच्याकडे पाहिले. ती रडत नव्हती. ती खरोखरच जाणार होती. लहानपणापासून एकदा ठरवलेले तिने कधी मोडले नव्हते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? दोनशे कुंभ त्याच्यासमोर रांगेने उभे होते, आणि त्या कुंभांच्या पाचव्या हिश्शासाठी आपण पोटची पोर एका परक्याच्या गाडीत बसवत आहोत, हे त्याला त्या क्षणी पहिल्यांदा दिसले. ऋजुदत्ताची सुरी मुद्रेकडे गेली. ती फार सावकाश जात होती, असे नंतर पाहणारे सांगत.

“थांबा,” वसुगुप्त ओरडला. “फोडू नका. हा माल लग्नाचा नाही. मी खोटे बोललो.”

सुरी मुद्रेपासून बोटभर अंतरावर थांबली.

मांडवात एवढा गलका उसळला की बैल दावी तोडू लागले. कुंभक पुढे धावला आणि म्हणाला, “महाराज, याने स्वतः कबूल केले. आता याला चोराची शिक्षा द्या.”

ऋजुदत्ताने सुरी म्यानात घातली. “महाराज, मुद्रा शाबूत आहे,” तो म्हणाला. “याने आपणहून शब्द सुधारला. आपल्या आजोबांनी दगडावर शेवटची ओळ अशाच माणसासाठी कोरली आहे. दुप्पट शुल्क घ्यायचे, आणि हात लावायचा नाही.”

“म्हणजे तुझा दहावा हिस्साही गेला,” राजा म्हणाला.

“महाराज, तो हात तोडून मला मिळाला असता. मला त्यात चव लागली नसती.”

राजा हसला. मग त्याने विचारले की उद्या दुसरा कोणी हेच करील तर काय? तेव्हा ऋजुदत्ताने सांगितले की अपवाद तसाच राहू द्यावा. फक्त लग्नाचा माल यापुढे शुल्कशाळेतून थेट मांडवात जावा आणि मांडवाचे साऱ्या गावाला बोलावणे असावे. ज्याचे लग्न खरे आहे त्याला याची अडचण होत नाही. राजाने ते तिथेच मान्य केले. कोळीवाड्यातल्या बायकांनी जो आनंदाचा आवाज केला तो समुद्रात दूरवर गेला असेल.

वसुगुप्त मुलीपाशी गेला. भद्रिकेनेच त्याचा उजवा हात आपल्या हातात धरला. चंदनकाने मुंडावळ्या सोडून व्यवस्थित घडी करून ठेवल्या आणि म्हणाला, “आयुष्यात इतक्या मोठ्या सभेत मी एकही वाक्य न बोलता उभा राहिलो नव्हतो.” लोक हसले. स्वयंपाक तयार होता, तो वाया का घालवायचा? सारे बंदर पंगतीला बसले.

त्या दिवसापासून वसुगुप्ताच्या घरचा माल ध्वजाखाली भद्रिकाच सांगू लागली. ती सांगे तेव्हा कोणी पेटी उघडून पाहत नसे. दोन वर्षांनी भृगुकच्छाच्या एका नाविकाशी तिचे लग्न झाले, आणि ते तिला बंदरावरून कळले नाही. तिने स्वतःच बापाला सांगितले.

जेतवन विहारात भगवान शास्त्यांनी ही कथा सांगितली ती एका भिक्षूमुळे. त्याने आजारी सोबत्यासाठी म्हणून तूप मागून आणले होते आणि ते स्वतःच खाल्ले होते. एका भिक्षुणीच्या शब्दाने तो खजील झाला आणि आपणहून सर्वांसमोर येऊन ते बोलला. संघातले काही जण त्याला हाकलून द्या म्हणत होते. कथा संपवून शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा वसुगुप्त म्हणजे हाच भिक्षू. भद्रिका ती ही भिक्षुणी. राजा अमितसेन तो माझा शिष्य आनंद, आणि शुल्काध्यक्ष ऋजुदत्त तो मीच होतो. चुकलेल्याला शिक्षा करण्याचे बळ हाती असताना त्याच्या परतीची वाट उघडी ठेवणे आणि त्या वाटेवर तो स्वतः पाऊल टाकेपर्यंत थांबणे, याला करुणा म्हणतात.”