वडाशेजारची ढोली

पशुपक्षी गुरूच्या घरी शिकायला जात, त्या काळची गोष्ट. शेवरी नावाची खार शिकायला परक्या रानात आली.

कावळा म्हणाला, "गुरुजींच्या वडाशेजारीच ढोली रिकामी आहे. शेंगदाण्यांची पुरचुंडी आधी दे, नाहीतर दुसरं कुणी घेईल."

आईने दिलेली पुरचुंडी देऊन शेवरी ढोलीत शिरली. आत मऊ अंथरूण होतं. तिने पंजा फिरवला आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती सापाची कात होती!

शेवरी धडपडत बाहेर आली.

"घाबरतेस काय? कात जुनी आहे," कावळा म्हणाला.

"आणि साप?"

कावळा पुरचुंडी घेऊन उडून गेला.

दुसऱ्या दिवशी पोपटाने दुसरी ढोली दाखवली. शेवरी म्हणाली, "काका, आधी तुम्ही आत जाऊन या."