अण्णांचे उष्टे ताट

एकदा एका बाजारपेठेच्या गावात एक विद्वान माणूस ठेचा शोधत हिंडत होता. हिरव्या मिरचीचा, लसूण घातलेला, साधा भाकरीबरोबरचा ठेचा. ब्रह्म शोधायला निघालेल्यांना कोणी हसत नाही. पण हातात पिशवी घेऊन दुकानोदुकानी ‘चांगला तयार ठेचा आहे का हो?’ असे विचारणाऱ्या त्र्यंबक मास्तरांना पेठेतले लोक हसत. मास्तर गावच्या शाळेत शिकवत आणि दर गुरुवारी देवळात प्रवचन करत. मातापित्यांची सेवा हा त्यांचा विशेष आवडीचा विषय होता.

खरे तर हसण्यासारखे त्यात काही नव्हते. तीन महिन्यांपूर्वी त्र्यंबकची आई गेली होती, आणि तेव्हापासून त्याच्या वडिलांचे, अण्णांचे, जेवण तुटले होते. अण्णा जन्मभर सुतारकाम केलेले गृहस्थ. वय ऐंशीच्या घरात. ताटात काहीही वाढा, त्यांची बोटे आधी ठेच्याकडे जायची, आणि ठेचा असला की दोन भाकऱ्या कशा संपल्या ते कळायचे नाही. आता अर्ध्या भाकरीवर हात थांबे. सदऱ्याच्या बाह्या दंडावर लोंबू लागल्या होत्या. डॉक्टर नाडी पाहून स्पष्टच म्हणाले होते, “मास्तर, आजार काही नाही. पण पोटात अन्न जात नाही, तोवर माझ्या औषधाचा उपयोग नाही. असंच चाललं तर यंदाची दिवाळी दाखवणं माझ्या हातात नाही.”

त्र्यंबकने लग्न केले नव्हते. घरात साळूबाई नावाची बाई येई, भाकऱ्या थापी, भांडी घाशी. तिखटामिठाचे मात्र सगळे आईच्या हाती असे. त्र्यंबक सकाळी लवकर जेवून शाळेत जाई आणि अण्णा देवपूजा आटोपून भर दुपारी जेवायला बसत. आई होती तेव्हाही हीच रीत होती. तेव्हा अण्णांच्या समोर ती बसलेली असे, एवढाच फरक.

तर बाजारातल्या बरण्या सुरू झाल्या. पहिल्या बरणीत ठेच्यापेक्षा तेलच अधिक होते. दुसऱ्या बरणीत कोणीतरी साखर घातली होती, आणि ठेच्यात साखर घालणाऱ्या माणसाविषयी मी इथे काही लिहीत नाही. तिसरी आंबट निघाली. चौथ्या दुकानदाराने मात्र मोठ्या विश्वासाने बरणी पुढे केली.

“मास्तर, ह्या बरणीला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. फार तिखट नाही, अगदी मिळमिळीत नाही. लहानथोर, इथले, परगावचे, सगळ्यांना चालते.”

“सगळ्यांचं जाऊ द्या हो. आमच्या अण्णांना चालली पाहिजे.”

“आता अण्णांची जीभ मी कुठं पाहिलीय?” दुकानदार हसून म्हणाला.

ठेचा खरोखर चांगला होता. त्र्यंबकने स्वतः चाखून पाहिला. अण्णांनीही बोटावर घेऊन जिभेला लावला आणि म्हणाले, “छान आहे.” पहिल्या तिन्ही बरण्यांनाही ते हेच म्हणाले होते. आणि भाकरी पुन्हा अर्धीच राहिली.

मग त्र्यंबकने ठरवले की आता स्वतःच करायचा. लहानपणापासून त्याने आईला ठेचा करताना पाहिले होते. तापलेला लोखंडी तवा, त्यावर मिरच्या, लसूण, शेंगदाणे, वरून खडे मीठ, आणि मग तांब्याच्या बुडाने तव्यावरच दणादण ठेचणे. त्याने तसेच केले. मिरच्या तडतडल्या, तिखट धूर उठला, शेजारच्यांनी ठसकत ठसकत खिडकी लावून घेतली. पण काय ठेचा जमला! साळूबाई बोट चाखून म्हणाली, “अगदी आईंच्या हातचा की वो.” त्र्यंबकने घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आले. ते तिखटाचे नव्हते. थेट आठव्या-नवव्या वर्षाची चव होती ती. आता अण्णा जेवणार, याविषयी त्याला शंका उरली नाही.

शाळेत निघताना त्याने बोटभर पुढे केला, तेव्हा अण्णा म्हणाले, “छान आहे. अगदी तुझ्या आईसारखा.” संध्याकाळी त्र्यंबकने साळूबाईला विचारले, तेव्हा कळले की भाकरी अर्धीच खाल्ली.

तो तसाच उठला आणि आपल्या गुरुजींकडे गेला. गुरुजी नव्वदीचे. नदीकाठच्या धर्मशाळेमागच्या खोलीत राहत. त्र्यंबक बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्यापाशी शिकला होता. प्रवचन करायलाही त्यांनीच शिकवले होते. ऐकायला मात्र ते फारसे येत नसत. त्या वेळी ते ओसरीवर बसून पळसाच्या पानांची पत्रावळ टाचत होते.

त्र्यंबकने नमस्कार केला आणि सगळी हकीकत सांगितली. “गुरुजी, पेठेत अजून दोन दुकानं राहिलीत. तिथं शोधू, की घरीच पुन्हा करून पाहू? विकतचा चालत नाही, घरचा चालत नाही. माझे वडील माझ्या डोळ्यांदेखत वाळत चाललेत आणि मला एक धड चटणी मिळत नाही हो.”

गुरुजींनी पानाला काडी टोचली. “उद्या अण्णा जेवून उठले, की त्यांचं ताट घेऊन ये.”

“ताट वाढून आणू?”

“वाढून नको. उष्टं आण. न धुता, न खरवडता. ते उठतील तेव्हा जसं असेल तसं.”

त्र्यंबकला वाटले, आपण चुकीचे ऐकले. उष्टे ताट, आणि ते गुरूच्या दारात न्यायचे! हात धुतल्याशिवाय ज्यांच्या पोथीला कधी शिवलो नाही, त्यांच्या पुढ्यात दुसऱ्याने जेवलेले खरकटे ठेवायचे! पण गुरुजींना उलट विचारण्याची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने शाळेतून अर्धी रजा घेतली. तो घरी पोचला तेव्हा अण्णा जेवून पडवीत कलंडले होते. त्याने मोरीजवळचे ताट उचलले, तशी साळूबाई धावत आली.

“आगं बाई, ताट कुठं निघालं?”

“गुरुजींनी मागवलंय.”

“उष्टं?” तिने तोंडाला पदर लावला. मग क्षणभर थांबून म्हणाली, “न्या, न्या. कुनीतरी मागितलं, ब्येस झालं.”

त्र्यंबक इतका ओशाळला होता की तिचे बोलणे त्याच्या कानात शिरलेच नाही. त्याने ताटावर उपरणे झाकले आणि गल्लीबोळांतून निघाला. तरी देवळापाशी फुलवाल्याने गाठलेच. “काय मास्तर, नैवेद्य वाटतं?” जन्मात खोटे न बोललेला आमचा मास्तर नुसते ‘हूं’ म्हणून पुढे सटकला.

गुरुजींनी ताट मांडीवर घेतले आणि पत्रिका पाहावी तसे बराच वेळ पाहत राहिले.

“अण्णा जेवतात तेव्हा तू कुठे असतोस?”

“शाळेत.”

“ताट कोण घासतं?”

“साळूबाई.”

“आणि पूर्वी?”

“आई. बाकीची भांडी साळूबाई घासायची, पण अण्णांचं ताट आईनं कधी दुसऱ्याला घासू दिलं नाही. शेवटच्या आठवड्यापर्यंत.” त्र्यंबकला वाटत आले होते की तो पातिव्रत्याचा एक प्रकार असावा. एका प्रवचनात त्याने तसा दाखलाही दिला होता.

गुरुजींनी पत्रावळीची एक काडी घेतली आणि ताटातली उरलेली अर्धी भाकरी अलगद उचलली. खाली, कोणाच्या नजरेस पडू नये असा, एक लहानसा ढीग होता. मिरचीच्या साली, लसणीचे तुकडे, अर्धवट दाणे. सगळे चोखून बाजूला काढलेले. भाकरीचा वरचा मऊ पापुद्रा तेवढा गेला होता. कडेचा जाड भाग जसाच्या तसा होता.

“अण्णांची भूक गेली असं कोण म्हणालं?” गुरुजी म्हणाले. “हे बघ. रस सगळा घेतलाय. जे चावावं लागतं, तेवढंच राहिलंय. किती दात उरलेत त्यांना?”

अठराही पुराणांची नावे त्र्यंबक ओळीने म्हणून दाखवी. पण वडिलांच्या तोंडात दात किती, हे त्याला ठाऊक नव्हते.

“त्या दुकानदाराचा ठेचा वाईट नव्हता,” गुरुजी सावकाश म्हणाले. “त्यानं तो सगळ्यांसाठी केला, कारण तुझे अण्णा त्याला माहीत नाहीत. त्याचा त्यात दोष काय? तू घरी केलास, तोही उत्तम असणार. पण तो तू आठ वर्षांच्या त्र्यंबकासाठी केलास, आणि चव बरोबर जमली म्हणून रडलास. अण्णांसाठी अजून कोणी ठेचा केलेलाच नाही, बाबा. तुझी आई करत होती. त्यांना काय चावतं, काय चावत नाही, हे ती त्यांना विचारत बसली नसेल, आणि विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. ती रोज हे ताट पाहत होती.”

तेव्हा त्र्यंबकला पाटा आठवला. गेली सात-आठ वर्षे आई तव्यावर ठेचा ठेचून झाला की एका वाटीत त्र्यंबकसाठी काढून ठेवी, आणि उरलेला जड पाट्यावर घेऊन, दही घालून, गंधासारखा मऊ वाटत बसे. सत्तरी उलटलेल्या बाईचे खांदे वरवंट्याबरोबर पुढेमागे होत. तो एकदा तिच्यावर खेकसलाही होता, “आई, तव्यावर झालाय ना ठेचा? मग पुन्हा पाट्यावर कशाला मरतेस?” ती म्हणाली होती, “असू दे रे. मला सवय आहे.” अण्णांचे दात गेल्याचे तिने मुलाला सांगितले नव्हते. अण्णांना ते आवडले नसते. आपल्या वाटीतला ठेचा हाच आईचा ठेचा, असे समजून तो इतकी वर्षे जेवत आला होता.

डोळे पुसून त्याने विचारले, “मग गुरुजी, विकतचा की घरचा?”

“घरात ती चौथी बरणी आहे ना? उद्या तीच घेऊन वाट. पुढचं ताट सांगेल.” आणि गुरुजींनी पुन्हा पत्रावळ हाती घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्र्यंबकने भिंतीला टेकवलेला पाटा ओढला, धुतला, आणि बरणीतला ठेचा त्यावर घेतला. साळूबाई म्हणाली, “सरा, मी वाटते.” तो सरला नाही.

“साळूबाई, अण्णांच्या दातांचं तुला माहीत होतं?”

“व्हय की. रोज भाकरीखालचं म्याच काढत व्हते. सांगनार व्हते तुमाला, पन तुमचं आपलं काखेत कळसा आन गावाला वळसा. आन अण्णा बी म्हनले, ‘त्याला बोलू नको गं. बिचारा जिवाचं रान करतोय.’”

त्र्यंबकचा वरवंटा थांबला. मग त्याने दही घातले आणि पुन्हा वाटू लागला. हाताला सवय नव्हती. मनगट भरून आले. तरी बोटांत घेतल्यावर कण लागेनासा होईपर्यंत तो वाटत राहिला. भाकरीच्या कडा काढून त्याने उरलेली भाकरी ताकात कुस्करली.

दुपारी अण्णा पाटावर बसले, आणि त्र्यंबक त्यांच्या समोर बसला, जिथे आई बसायची तिथे. अण्णांनी जरा आश्चर्याने पाहिले. बोटाने ठेचा उचलला. जिभेवर ठेवला. त्यांचा हात थबकला. त्यांनी कोपऱ्यातल्या ओल्या पाट्याकडे पाहिले, मग मुलाच्या लाल झालेल्या तळव्यांकडे. ‘छान आहे’ असे ते म्हणाले नाहीत. ते जेवू लागले. एक भाकरी संपली. दुसरी कुस्करायला सांगितली. एकदाही त्यांचे बोट ताटाच्या कडेला काही ठेवायला गेले नाही.

हात धुण्यापूर्वी ते म्हणाले, “मीठ जास्त झालंय. उद्या जरा कमी घाल.”

तीन महिन्यांत अण्णांनी कशालाही नाव ठेवले नव्हते. बाजारच्या बरणीला नाव ठेवून करायचे काय, ती थोडीच ऐकणार? आणि ‘उद्या’ हा शब्दही तीन महिन्यांत त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. “हो अण्णा,” त्र्यंबक म्हणाला. भरलेल्या बरणीतले मीठ काही कमी करता येत नाही, तेव्हा संध्याकाळी बाजारातून मिरच्या आणाव्या लागणार होत्या.

अण्णा उठले. साळूबाईने ताटासाठी हात पुढे केला.

“राहू दे,” त्र्यंबक म्हणाला. “हे ताट आता मी घासेन.”

मोरीपाशी बसून त्याने ताट उजेडाकडे धरले. ते जवळजवळ स्वच्छ होते. जिथे अण्णांचे बोट फिरले होते, तिथे ठेच्याची एक हिरवी रेघ तेवढी राहिली होती. जन्मात कोणाच्या उष्ट्याला न शिवलेल्या मास्तरांनी ती बोटावर घेतली आणि चाखली. अण्णांचे बरोबर होते. मीठ जास्तच झाले होते.