काळ्या खडकाचं नाव झालं

जहाजं आणि खडक एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. किनाऱ्याजवळ पाण्याखाली काळ्या नावाचा एक खडक दबा धरून बसलेला असे. कितीतरी होड्या फोडल्याचा त्याला कोण अभिमान! पण पाण्याखाली राहून आपलं नाव होत नाही, ही खंत त्याला छळत असे.

एकदा नौदलाची सर्वेक्षण नौका शोधिनी तिथे आली. ती पाण्यात आवाज सोडी, त्याचा प्रतिध्वनी ऐके आणि पुन्हा तिथेच येरझाऱ्या घाली. काळ्याला गुदगुल्या झाल्या.

“काय चाललंय बाई तुझं?”

“समुद्राचा तळ मोजतेय. नकाशा काढायचाय.”

“मग त्यात मला घाल की! सगळ्यांना कळू दे, इथे कोण राहतो ते.”

“अगदी ठळक घालते हो,” शोधिनी हसून म्हणाली.

नकाशा बंदरोबंदरी पोचला. काळ्या आपला सुळका परजून वाट पाहू लागला. एक युद्धनौका आली आणि लांबूनच वळली. मागून आलेलं मालवाहू जहाजही वळलं. मग मासेमारीची छोटी होडीसुद्धा वळायला लागली, तेव्हा त्याला राहवेना.

“अगं, इकडे ये! ओळखलं नाहीस का? मी काळ्या!”

“ओळखलं ना!” होडी लांबूनच ओरडली. “म्हणून तर वळले!”

काळ्याचं इतकं नाव कधी झालं नव्हतं आणि त्याचा इतका संतापही कधी झाला नव्हता.