दीर्घिकेच्या आवाजातली खरखर

"मग बोलतं कोण?" लतीफबाबांनी विचारलं.

डॉक्टर परीक्षित सबनीस हसले. टेकडीखालच्या रेडिओ दुर्बिणीचे ते प्रमुख. आले होते टेकडीवरचा या फकिराचा तकिया, म्हणजे त्याची राहायची जागा, तपासायला, आणि बसले होते विश्व समजावून द्यायला. विद्वानांचं असं होतं.

त्यांनी पुन्हा सांगितलं. ते ज्या दीर्घिकेचा आवाज ऐकत होते ती अंड्याच्या आकाराची, आपल्या आकाशगंगेहून कितीतरी मोठी. मधोमध कृष्णविवर. त्यातून प्रकाशही सुटत नाही. पण आत पडायला निघालेल्यातलं थोडंफार काठावरूनच दोन बाजूंना उधळतं आणि लाखो प्रकाशवर्षं दूर जातं. रेडिओवर येतं ते तेच.

"म्हणजे पडणाऱ्याचा आवाज येतो. गिळणाऱ्याचा नाही."

"तसं म्हणा."

"गिळणाऱ्याला कळतं का, कोण पडलं ते?"

"त्याला काय कळणार, बाबा."

बाबा चुलीत काटक्या रचू लागले...

पन्नास कोटी वर्षं प्रवास करून आलेल्या त्या आवाजात महिनाभर खरखर मिसळत होती. रोज सकाळी दहानंतर. सबनीसांनी आधी रघू पांचाळाला धरलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान. ठिणगी उडाली की दुर्बिणीला त्रास होतो, हे शास्त्राला धरूनच होतं. माझं दुकान टेकडीच्या आड आहे, असं रघू ग्रामसभेत सांगू लागला, तेव्हा शिक्षण किती झालंय असं विचारून सबनीसांनी त्याला भर सभेत खाली बसवलं. दुकानाला सील लागलं. आभाळ बंद पाडणारा म्हणून गाव त्याला हसू लागलं. पंधरा दिवस रघू चावडीकडे फिरकला नव्हता.

खरखर मात्र चालूच होती. म्हणून आता फकिराची पाळी.

तकियात वीज नव्हती. एक कंदील, एक घोंगडी, एक चूल, तीही अजून पेटायची होती. तरी तपास रीतसर व्हावा म्हणून तंत्रज्ञ कुंदाताई आवटे दिशा शोधणारा अँटेना आणि त्याला जोडलेला मीटर घेऊन मागोमाग चढून आल्या. त्यांनी तो कंदिलाकडे धरला. काही नाही. चुलीकडे धरला. काही नाही. मग फिरता फिरता तो साहेबांकडे वळला आणि खरखर सुरू झाली.

कुंदाताईंनी अँटेना दुसरीकडे नेला. पुन्हा आणला.

"सर, जरा चार पावलं डावीकडे सरता का?"

सबनीस सरले. खरखरही सरली.

त्यांच्या मनगटावर गेल्या महिन्यात वाढदिवसाला मिळालेलं स्मार्ट घड्याळ होतं. असली उपकरणं दुर्बिणीच्या आवारात कुणीही आणू नयेत, असं परिपत्रक होतं. कलम चार. खाली सही सबनीसांची.

कुंदाताई मीटरच्या काचेवरची धूळ पुसत राहिल्या. काचेवर धूळ नव्हती.

सबनीसांनी घड्याळ काढून बंद केलं. मग ते कुठे ठेवावं हे त्यांना सुचेना.

"आजच शिपायाबरोबर पत्र पाठवतो," ते म्हणाले. "दुकान उघडायचं."

"कारण काय लिहिशील?" बाबांनी विचारलं.

"तांत्रिक."

बाबांनी मान हलवली. होकारार्थी की नकारार्थी, ते कळलं नाही...

सबनीसांचे कान लाल झाले होते.

"शिक्षण विचारलं मी त्याचं. सगळ्यांसमोर. आता कोणत्या तोंडाने जाऊ त्याच्याकडे?"

बाबा उठले. चुलीवरची लोखंडी तिवई त्यांनी उचलली. चांगली धडधाकट होती. तिचा एक पाय दगडांच्या फटीत घातला आणि जोर लावून पिळला. सांधा तुटला.

दोन्ही तुकडे त्यांनी सबनीसांच्या हातात दिले.

"सील तुझ्या हाताने काढ," बाबा म्हणाले. "रघू हे सांधेल, तोवर दुसरं टोक धरून बस... आणि दुकानाचं दार सताड उघडं ठेव, गावाला दिसेल असं."