नावाडणीचा वंश

फार फार पूर्वी, राजांना राजवाडेही नव्हते तेव्हा, एका मोठ्या नदीकाठी एक नावाडीण राहायची. नवरा पुरात गेला आणि वल्हं तिच्या हाती आलं. तिला एकच मुलगा. तो पाण्यात उतरला तर बुडेल आणि नाही उतरला तर भित्रा होईल, अशा दोन्ही काळज्या ती एकाच वेळी करायची.

मुलगा बुडाला नाही. मोठा होऊन त्याने खोऱ्यातले लुटारू पळवून लावले. तेव्हा तिथल्या बारा सरदारांनी ठरवलं, यालाच राजा करू. पण रीत अशी, की अभिषेकाआधी राजाने भर सभेत आपला वंश सांगायचा. एका जरी सरदाराला तो पटला नाही, तरी अभिषेक रद्द.

अभिषेकाच्या दिवशी सकाळीच भाट नावाडणीकडे आला.

"मावशी, तुमच्या मुलाला मी सूर्याचा वंशज केलंय. दीडशे श्लोक झालेत. तुम्ही फक्त मागे बसा. कुणी विचारलंच, तर त्याची दाई म्हणून सांगा."

"दाई?"

"सूर्याच्या घरात नावाडीण कुठे बसवू? वृत्तात मावत नाही."

तिला वाईट वाटलं, पण जरा सुटल्यासारखंही वाटलं. आपण त्याला धड वाढवलं की नाही, याचीच तिला खात्री नव्हती. आपल्यामुळे पोराचं बिघडायला नको, म्हणून ती मांडवाच्या खांबाआड जाऊन बसली.

सभा भरली. सर्वांत म्हाताऱ्या सरदाराने विचारलं, "पोरा, तुझा वंश कोणता?"

भाटाने घसा खाकरला. मुलाने त्याला हातानेच थांबवलं.

"माझी आई सुमना. ती नाव चालवते. मोठ्या पुरात तुमच्यातल्या कितीतरी जणांची माणसं तिने पार नेली. लेकुरवाळ्या बायका मध्ये, धडधाकट गडी कडेला, आणि शेवटचा माणूस येईपर्यंत तिच्या पोटात घास नाही. राज्य कसं करायचं, ते मला एवढंच माहीत आहे. ती त्या खांबामागे बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. संपलं, गेलं राज्य, असं म्हणत सुमनाने डोळे मिटून घेतले.

म्हातारा सरदार मात्र हसला. "आम्ही बाराही जण सूर्याचेच, भाटांच्या कृपेने. म्हणून तर थोरला कोण यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडतोय. बरं झालं, या भाऊबंदकीत हा नाही." बाकीचे अकराही हसले, हरकत कुणीच घेतली नाही.

मग तो उठून खांबापाशी आला. "बाई, त्या नावेत माझी आई होती. तुझं नाव विचारायचं तेव्हा राहूनच गेलं. पहिला कलश तू घाल."

कलश उचलताना अर्धं पाणी जमिनीवरच सांडलं. उरलेलं तिने लेकाच्या डोक्यावर ओतलं आणि सवयीने पदराने त्याचं डोकं पुसलं. अभिषेकाचं पाणी पुसायचं नसतं, पण तिला कुणी अडवलं नाही.

पुढे त्या घराण्यातले सगळे राजे शिळेवर स्वतःच्या नावाआधी आईचं नाव कोरू लागले.

तात्पर्य: ज्यांनी आपल्याला पार नेलं, त्यांचं नाव चारचौघांत घ्यायला लाजू नये. आणि लेकराने ते घेतलं, तर आईनेही खांबाआड लपू नये.