उत्तर दरवाजाची लाली

पृथ्वीच्या उत्तर टोकाशी, जेथे हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही आणि भरदुपारीही काळोख असतो, तेथे एक नगर होते. ध्रुवसेन नावाचा राजा तेथे राज्य करी. नगराला चोहोबाजूंनी भक्कम तट होता. तटाला दरवाजा एकच, तोही उत्तरेला, बर्फाच्या मैदानाकडे तोंड केलेला. पूर्वजांनी एक रीत घालून दिली होती. हिवाळाभर हा दरवाजा लावायचा नाही. मैदानात वाट चुकलेल्या जिवाला दिवा दिसावा, शिंगाचा आवाज ऐकू यावा आणि दार उघडे मिळावे, एवढ्यासाठी.

दार उघडे ठेवले की वाराही आत येणारच. म्हणून दरवाजाच्या आतल्या देवडीत जाड घोंगड्यांचा पडदा टांगलेला असे. त्या पडद्यापुढे, वाऱ्याच्या तोंडी, जैतोबा नावाचा द्वारपाल उभा राही. पडदा तो पाठीने दाबून धरी. हाताशी दिवा, कमरेला शिंग. वारा त्याच्यावर आदळे आणि तेथेच त्याचा जोर सरे.

राजवाडा दरवाजासमोरच होता. राजा मोठा देवभक्त. त्याच्या देवघरातील समईची ज्योत चित्रात काढल्यासारखी निश्चल असे. राजा पुजाऱ्याला म्हणे, “भक्ती स्थिर असली की ज्योतही स्थिर राहते.”

पुजारी म्हणे, “आपल्या पुण्याईला काय अशक्य आहे, महाराज!”

राजाला दुसरा अभिमान होता तो आकाशाचा. हिवाळ्यात त्या नगरावर प्रकाशाचे पडदे लहरत. बहुधा हिरवे, क्वचित वरच्या कडेला तांबडे. दक्षिणेकडील राजे मुद्दाम ते पाहायला येत. ध्रुवसेन त्यांना गच्चीवर नेई आणि सांगे, “पाहा, देव आमच्यासाठी नृत्य मांडतो.”

एकदा असेच पाहुणे आले. दरवाजात जैतोबा उभा होता. नाक, गाल, कान तांबडेलाल. थंडीने गोठू नयेत म्हणून तो एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारीत होता.

एक पाहुणा हसून म्हणाला, “राजे, तुमच्याकडे आकाशही नाचते आणि द्वारपालही नाचतो!”

सगळे हसले. राजाला ते लागले. “जैतोबा, सकाळपासूनच चढवली आहेस काय?”

“चढली आहे महाराज, पण थंडी. पायांतून वर.”

पाहुणे आणखीच हसले. राजाचा संयम सुटला. “नाक बघ आपले! राजाच्या दारात असले तोंड शोभत नाही. उद्यापासून येथे उभा राहू नकोस.”

जैतोबाने दिवा खाली ठेवला. शिंग त्याच्या शेजारी ठेवले. उंबऱ्याला हात लावून तो कपाळाशी नेला. मग म्हणाला, “जो कोणी येईल त्याला एवढे सांगावे, महाराज. पाठ पडद्यावरून काढायची नाही.”

राजा तेव्हा पाहुण्यांना घेऊन पुढे गेला होता.

त्याच्या जागी सुरंजन नावाचा सेवक आला. आतल्या दालनात वाढलेला, गोरा, नितळ चेहऱ्याचा. पहिल्याच दिवशी त्याला वारा सोसवेना. तो पडद्याआड जाऊन बसला. पडदा फडफडू लागला. त्या सकाळी देवघरातील ज्योत थरथरली आणि आरतीच्या मध्येच विझली. राजा अस्वस्थ झाला. त्याने आपल्या भक्तीत कोठे उणे पडले ते शोधले. उपवास केला. ज्योत पुन्हा विझली. तेव्हा त्याने सुरंजनला बोलावून विचारले, “वारा कोठून येतो?”

“उत्तर दरवाजातून, महाराज.”

“मग त्याचा बंदोबस्त कर.”

सुरंजनने दरवाजा लावून घेतला. अडसर घातला. दिव्यात तेल घालण्याचे कारण उरले नाही, शिंग फुंकण्याचेही नाही. ज्योत पुन्हा निश्चल झाली. राजाला समाधान वाटले. वारा कसा थांबला, हे त्याने विचारले नाही.

त्याच सुमारास राणी मृगावती माहेराहून परत निघाली होती. तिच्यासोबत राजाची तान्ही मुलगी होती. राजाने तिला अजून पाहिलेही नव्हते. मैदान ओलांडून एके दिवशी दुपारी तिची हरणांची घसरगाडी नगरात पोहोचायची होती.

त्या दुपारी आकाशाने कधी नव्हे असा रंग धरला. हिरव्या पडद्यांच्या वर, थेट माथ्यापर्यंत, तांबडा प्रकाश पसरला. खाली मैदानावर मात्र वारा सुटला होता आणि बर्फाची धूळ उडत होती. दहा पावलांपलीकडचे दिसत नव्हते. राजा गच्चीवर आला. शेजारी आचार्य अत्रिवर्मा उभे होते. तारे आणि ग्रह पाहण्यात त्यांचे आयुष्य गेले होते.

राजा प्रसन्न होऊन म्हणाला, “आचार्य, राणीच्या स्वागताला देवाने केवढे नृत्य मांडले आहे!”

आचार्य म्हणाले, “महाराज, हे नृत्य नव्हे. हे सोसणे आहे.”

“सोसणे? कोणाचे?”

“सूर्य आपल्याला केवळ ऊन देत नाही. त्याच्यापासून विजेने भारलेल्या सूक्ष्म कणांचा वाराही अखंड सुटलेला असतो. पृथ्वीभोवती न दिसणारे चुंबकीय कुंपण आहे. ते बहुतेक वारा बाजूला सारते. पण दोन्ही ध्रुवांशी त्या कुंपणाच्या रेषा जमिनीकडे वळतात. तेथे जणू दरवाजा आहे. त्या वाटेने काही कण आत उतरतात.”

“आणि मग?”

“मग तेथे उंचावर जी विरळ हवा आहे, ती पुढे होते. ज्या हवेत पक्षी उडत नाही, ढग तरंगत नाही, जी कोणाच्या श्वासालाही उपयोगी पडत नाही, ती. ते आघात ती अंगावर घेते. तापते, फुगते आणि प्रकाशते. आघात खालपर्यंत पोहोचला की हिरवी दिसते, अगदी वरची हवा तांबडी होते. झोत कमीजास्त झाले की ती लहरते. आपण त्याला नाच म्हणतो. आज सूर्यावर मोठे वादळ उठले असले पाहिजे. तरी खाली आपल्याला काही कळले का? आपल्या अंगाला काही लागले का?”

तांबड्या आकाशाकडे पाहता पाहता राजाला दुसरीच लाली दिसू लागली. नाक, गाल, कान. एका पायावरून दुसऱ्या पायावर होणारी ती उडी. आणि देवघरातील ती निश्चल ज्योत.

आचार्य पुढे म्हणाले, “अशा दिवशी प्रवाशांनी होकायंत्रावर विसंबू नये. वरच्या या खळबळीने सुईदेखील भरकटते. आपल्या दरवाजाचे शिंग आहे, म्हणून निभावते.”

राजाने कान दिला. शिंग ऐकू येत नव्हते.

तो धावतच खाली आला. देवडीत सुरंजन शेगडीपाशी बसला होता. समोर दरवाजा बंद.

“दार कोणी लावले?”

“आपणच वाऱ्याचा बंदोबस्त करायला सांगितलात, महाराज.” सुरंजन गोंधळून उभा राहिला. “तो जुना द्वारपाल येऊन भांडला. उघड म्हणाला. मी म्हटले, महाराजांची ज्योत विझेल. तेव्हा म्हणाला, मग मला बाहेर सोड आणि माझ्यामागे दार लाव.”

“बाहेर? या वाऱ्यात?”

राजाने स्वतःच्या हाताने अडसर काढला. दार ढकलताच वारा तोंडावर फुटला आणि त्याबरोबर शिंगाचा आवाज आत आला. इतका वेळ वाऱ्याच्या घोंघाटाने, तटाने आणि दाराच्या जाड फळ्यांनी तो अडवून धरला होता.

दारापासून थोड्या अंतरावर जैतोबा उभा होता. घरातला कंदील त्याने काठीला बांधून उंच धरला होता. वडिलांचे जुने शिंग तोंडाला होते. थंडीने त्याचे ओठ शिंगाला चिकटले होते. श्वास घेण्यासाठी तो ते सोडवी आणि कातडी सोलून निघे. पायांनी मात्र उड्या चालूच होत्या.

राजा हाक मारणार, तोच बर्फाच्या धुळीतून हरणे दिसली. मागोमाग घसरगाडी. गाडीवान उडी मारून उतरला. “सुई वेड्यासारखी फिरत होती, महाराज. आम्ही शिंगाच्या रोखाने आलो. शिंग नसते, तर आम्ही उलट्या दिशेने मैदानातच शिरलो असतो.”

राणी गाडीतून उतरली. लोकरीच्या गुंडाळीत मुलगी शांत झोपली होती. बाहेर काय चालले होते, हे तिच्या गावीही नव्हते.

राजाने मुलीकडे पाहिले, मग जैतोबाकडे. तो म्हणाला, “जैतोबा, तुला तर मी काढून टाकले होते.”

“मला काढलेत, महाराज. पण वाटसरूंना ते कोणी कळवले नव्हते.”

राजाने आपली शाल काढून त्याच्या अंगावर घातली आणि हाताला धरून त्याला शेगडीपाशी बसवले. मग तो स्वतः पडद्यापुढे जाऊन उभा राहिला. पाठ पडद्याला लावली. वारा समोरून येत होता. थोड्याच वेळात त्याचे गाल पेटल्यासारखे झाले. पाय बधिर होऊ लागले. नकळत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर उडी मारू लागला.

मागून जैतोबाचा फाटक्या ओठांतला आवाज आला, “नाचू नका, महाराज. पाहुणे हसतील.”

राजा हसला. हसता हसता रडला. त्याचे अश्रू गालावरच गोठले.

सायंकाळी आरतीच्या वेळी समईची ज्योत निश्चल होती. पुजारी सवयीने म्हणाला, “आपली भक्ती, महाराज.”

“माझी नव्हे,” राजा म्हणाला. “आजवर मी देवापुढे हात जोडले आणि देवाने ज्याच्या पाठीने वारा अडवला, त्याला लाल नाकावरून हाकलून दिले.” त्याने देवाला नमस्कार केला, मग उत्तरेकडे वळून दुसरा.

पुढे देवडीत एकट्या माणसाला उभे करणे बंद झाले. पाळ्या लागल्या, पडद्यापुढे उभ्या राहणाऱ्याजवळही शेगडी आली, वर्षातून एकदा राजा स्वतः उभा राहू लागला. सुरंजनही उभा राहिला, आणि त्याचे नितळ गाल पहिल्याच आठवड्यात तांबडे झाले. देवघरातील समई दरवर्षी दरवाजाच्या दिव्यावरून लावण्याची रीत पडली.

दक्षिणेचे पाहुणे अजूनही येत. आकाश रंगले की विचारीत, “राजे, हे काय?”

ध्रुवसेन हात जोडून म्हणे, “आमच्यावरचा वार कोणीतरी झेलत आहे.”

तात्पर्य: आपल्या घरातील ज्योत शांत तेवते, कारण कोणीतरी दारात उभा राहून वारा अंगावर घेत असतो. त्याच्या चेहऱ्यावरची खूण हसण्याची नव्हे, हात जोडण्याची जागा आहे. आणि राखणाऱ्याचे ऋण न जाणता केलेली पूजा अपुरी असते.