अळंबी बोलावली तर येत नाही

परवा केतकीनं कंपाउंडच्या भिंतीकडून फ्रॉकच्या ओच्यात पांढऱ्या छत्र्या गोळा करून आणल्या आणि म्हणाली, "ह्याची भाजी कर." तिनं खाल्ली नव्हती. तोंड उघडायला लावून, टॉर्च मारून मी खात्री करून घेतली. तरी मला झोप लागली नाही. वनस्पतिशास्त्र घेऊन पदवी मिळवली, पण त्या छत्र्या विषारी होत्या की नव्हत्या, हे काही मला सांगता येईना. "हात लावायचा नाही," असं दोनदा सांगितलं. ते तिनं भिंतीनं ऐकावं तसं ऐकलं. म्हणून मग गोष्ट सांगायची ठरवली. सासूबाईंसारखी रंगवता येत नाही मला, पण मुलगी अंथरुणात होती आणि पळून जाणार नव्हती.

तर एकदा काय झालं, एक राजा शिकारीला गेला आणि वाट चुकला. श्रावणाचे दिवस. घटकेत सर, घटकेत ऊन. भुकेनं त्याचा जीव कासावीस झाला. डोंगराच्या पायथ्याशी एक घर दिसलं. तिथं जानका नावाची बाई राहायची आणि तिची लेक बकुळ. जानकानं राजाला भाकरी वाढली आणि अळंबीचं कालवण वाढलं. ओलं खोबरं वाटून केलेलं, बरं का. राजानं बोटं चाटली. मग वाटी चाटली. राजे लोक वाटी चाटत नाहीत, पण बघायला कोण होतं तिथं?

राजा घरी गेला, पण चव काही जिभेवरून जाईना. त्याला वाटलं, आपण राजे. मागू तेव्हा मिळालं पाहिजे.

मग पुढच्या वैशाखात त्यानं शिपाई पाठवले. शिपायांनी रान पालथं घातलं. जमीन तव्यासारखी तापलेली. ते धूळ घेऊन परत आले.

मग आषाढात पाठवले. धो धो पाऊस. शिपायांना कुजक्या ओंडक्यावर, उकिरड्याच्या कडेला छत्र्याच छत्र्या दिसल्या. एक शिपाई म्हणाला, "ह्याच का त्या?" दुसरा म्हणाला, "किडे खातायत बघ. किड्याला चालतं ते माणसाला चालतं." आता किड्याचं पोट वेगळं, आपलं वेगळं. पण हे त्यांना कोण सांगणार? आचाऱ्यानं भाजी केली, मीठ बघायला म्हणून एक घास खाल्ला आणि आडवा झाला. वैद्यबुवांनी रात्रंदिवस उशाशी बसून वाचवला त्याला. पुढं कितीतरी दिवस तो नुसत्या पेजेवर होता.

"मेला नाही ना?" केतकीनं विचारलं.

"नाही. पण मरता मरता वाचला."

मग राजा चिडला. म्हणाला, "ती अळंबी येते कुठून? ते ठिकाणच उचलून आणा." अळंबी येते वारुळाच्या अंगाला. वाळवी तिचं बी आत जपते, शेत राखावं तसं. शिपायांनी कुदळी मारल्या, वारूळ फोडलं, गाडीत भरलं आणि राजवाड्याच्या बागेत नेऊन ओतलं. जानकालाही नेलं. राजानं तिला सांगितलं, "अळंबी उगवेपर्यंत तू इथंच राहायचंस. उगवली की घरी जा."

जानका मातीच्या ढिगाऱ्याकडे बघत राहिली. तिला माहीत होतं, इथं काही उगवायचं नाही. आणि घरी बकुळ एकटी.

शेजारची काकी बकुळला जेवू घालायची. म्हणायची, "रडू नकोस गो, राजाचं डोकं थंड झालं की सोडील." पण राजाचं डोकं थंड होईना. मग बकुळ उठली आणि फुटक्या वारुळाकडे गेली. मोठ्ठा खड्डा पडलेला. त्यात पाऊस शिरत होता. तिनं कुदळ घेतली नाही, फावडं घेतलं नाही. आमच्याकडे वारुळाला लोखंड लावत नाहीत. ती ओंजळीनं ओली माती आणून लिंपत बसली. लिंपून झालं, तेव्हा आतून बारीक आवाज आला.

"कोण गं तू?"

बकुळ म्हणाली, "मी बकुळ. माझ्या आईला राजानं नेलंय."

"मी वाळवीची राणी. शिपायांनी वरचे मजले नेले. मी खाली असते, म्हणून वाचले. मी आले असते गं तुझ्या आईला सोडवायला, पण मला उठताच येत नाही."

"का?" केतकी.

"ती फार जाड असते. दिवसभर अंडी घालते."

"बरं."

राणी म्हणाली, "तू राजालाच इकडे आण. पायी आण. लोखंड घरी ठेवायला सांग. आणि मी देईन त्यातली निम्मी त्यानं ठेवून जायची."

मग बकुळ राजवाड्यात गेली. राजाला म्हणाली, "महाराज, अळंबी दाखवते. पण आईला बरोबर घ्या. खायची कुठली आणि टाकायची कुठली, हे तीच ओळखते. नाहीतर तुमचा आचारी आहेच." राजानं आचाऱ्याकडे पाहिलं. आचारी हळूच पडद्यामागे सरकला.

मग तिनं वाळवीच्या राणीच्या अटी सांगितल्या, तशी राजानं तलवार काढून ठेवली आणि तिघं पायी निघाली. श्रावण सरत आला होता. वारुळापाशी गवत ओलं होतं, ऊन कोवळं होतं. आणि बघतात तर जमीन जागोजागी उचललेली, आणि पांढऱ्या कळ्या वर येतायत. काही उमललेल्या, काही मिटलेल्या. जानकानं एकेक हातात घेऊन पाहिली, देठाचा वास घेतला, मगच टोपलीत टाकली. निम्म्या खुडून झाल्यावर तिनं हात आखडला.

राजा म्हणाला, "अजून आहेत की."

जानका म्हणाली, "त्या वाळवीच्या राणीच्या, महाराज."

राजाचा हात पुढं गेला. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग मागं आला.

राजानं विचारलं, "ही माझ्या बागेत नाहीच का उगवायची?"

"नाही महाराज. अळंबी बोलावली तर येत नाही. ती येते तेव्हा आपण जायचं असतं."

"आणि गेलो नि नसली तर?"

"तर पिठलं करायचं."

मग राजा म्हणाला, "तू घरी जा, जानका."

मग राजा दर श्रावणात पायी यायला लागला. कधी अळंबी मिळायची, कधी पिठलं. जानका नि बकुळ आपल्या घरात सुखी, राणी आपल्या घरात सुखी. आता आपण आपल्या घरात डोळे मिटायचे.

केतकीनं डोळे मिटले. मला वाटलं, पोचलं. ओळखणारं माणूस बरोबर नसेल तर हात लावायचा नाही, हे न रागावता सांगून झालं. मी दिवा मालवला.

"आई," ती म्हणाली, "जानका तिकडे होती तेव्हा बकुळची वेणी कोण घालायचं?"